शिखर दिसलं की पाणी



लॉकडाउनच्या आठवणी आता सगळ्यांच्या सांगून झाल्या. टाळ्या-थाळ्या, भाज्या मिठाच्या पाण्यात धुणं, घरच्या घरी केस कापणं, मुलांची मोबाइलवरची शाळा. पण एक गोष्ट मला कुठे लिहिलेली दिसली नाही. बाहेरच्यांना ती माहीत नसते आणि आपल्याला ती सांगण्याजोगी वाटत नाही. देवदर्शन झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात न घेण्याचा ज्या बायकांचा नियम होता, त्यांचं त्या दिवसांत काय झालं?

असा नियम असलेली एखादी बाई आपल्या समाजात चार घरांमागे निघतेच. कोणी तो लग्नानंतर सासूकडून घेतलेला असतो, कोणी मुनिमहाराजांसमोर, कोणी मूल आजारी असताना मनातल्या मनात. माझ्या सासूबाईंनी तो माहेरी, कारंज्याला, वयाच्या सोळाव्या वर्षी घेतला. लग्न होऊन गोंदियाला आल्या तेव्हा नियम सोबत आला. 2020 साली त्यांचं वय 86 होतं, म्हणजे नियमाला सत्तर वर्षं झाली होती. सूतक, बाळंतपण, आजारपण, प्रवास आणि पूर्वी महिन्याचे चार दिवस, एवढी सूट नियम घेताना ठेवलेली असते. मंदिरालाच कुलूप लागेल, ही सूट कोणाच्या डोक्यात आली असणार?

22 मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू होता. त्या दिवशी मंदिर बंद झालं आणि मग 25 तारखेपासून देशच बंद झाला. आमचे पुजारी मंदिराच्या आवारातच राहतात, त्यामुळे भगवंताचा अभिषेक एकही दिवस चुकला नाही. एवढी एक निश्चिंती होती. बाकी फाटकाला कुलूप.

पहिल्या दिवशी आईंनी नेहमीसारखी पहाटे अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या, तांदळाची डबी हातात घेतली आणि दाराशी येऊन बसल्या. यांनी सांगितलं, आज कोणालाच बाहेर पडता येत नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या. दहा वाजले, बारा वाजले. त्यांनी ना तक्रार केली ना रुसवा धरला, फक्त पाणी घेतलं नाही. माझ्या मुलाने मोबाइलवर आमच्या मूलनायक भगवंतांचा फोटो काढून समोर धरला. त्या म्हणाल्या, "मले नाही पाहिजे ते. तो फोटो कालचा हाय का दिवाळीचा, कोणाले ठाऊक?" यांना राग आला. रक्तदाबाची सकाळची गोळी राहिली होती. राग आईंचा नव्हता, काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून होता.

दीड वाजता आईंनीच विचारलं, "आपल्या गच्चीवरून शिखर दिसते ना वं?"

त्यांच्या लहानपणी मुक्तागिरीला बैलगाडीने गेले होते, तेव्हाची गोष्ट त्यांना आठवली होती. पोरं तहानेने रडायला लागली, डोंगर चढायचा बाकी होता. तेव्हा त्यांच्या आईने खालूनच शिखरांना हात जोडायला लावले आणि मग पाणी दिलं. शिखराचं दर्शन हे दर्शनच, असं जुनी माणसं म्हणायची. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही ते पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनी आठवलं.

आमच्या गच्चीला बावीस पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला. हे पुढे, मी मागे, मध्ये आई. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे गेलं की केबलच्या तारा आणि एका टॉवरच्या मधून शिखराचा वरचा भाग, कळस आणि ध्वज दिसतो. त्यांनी डबीतले तांदूळ पाटावर वाहिले, णमोकार म्हटला, तीन वेळा वाकल्या आणि म्हणाल्या, "आता दे पाणी." तांब्या मी वरच नेला होता.

पुढचे आठ महिने हे असं चाललं. मार्चमध्ये ठीक होतं. मे महिन्यात मात्र आपल्या गोंदियाचं ऊन तुम्हाला सांगायला नको. स्लॅब सकाळी आठलाच तापायला लागतो. म्हणून आम्ही साडेपाचला वर जायचो. प्रवासी गाड्या बंद, रस्त्यावर वाहन नाही, त्यामुळे एरवी कधीही ऐकू न येणारी मंदिरातली अभिषेकाची घंटा आमच्या घरापर्यंत यायची. हावडा-मुंबई लाइनच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही शांतता किती अनोळखी, ते तुम्हाला कळेल. घंटा वाजली की आई म्हणायच्या, "झाला सुरू." मग शिखराकडे बघत उभ्या राहायच्या.

आठवडाभरात लक्षात आलं की आम्ही एकट्या नव्हतो. आमच्या ओळीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या चार-पाच गच्च्यांवर त्याच वेळेला कोणी ना कोणी हात जोडून उभी असायची. लांबूनच "जय जिनेंद्र" व्हायचं. काल ताप होता का, दूध मिळालं का, मुलगी पुण्याहून निघाली का, हे सगळं ओरडून. माझ्या लक्षात आलं की मंदिर म्हणजे आम्हा बायकांसाठी फक्त दर्शन नव्हतं. माझ्या वयाच्या किती तरी जणींना, कोणाला न विचारता रोज घराबाहेर पडता येईल अशी तेवढी एकच जागा होती. सकाळचा अर्धा तास. त्यात सुनेचं गाऱ्हाणं, गुडघ्याचं औषध, स्थळं, सगळं होऊन जायचं. लॉकडाउनमध्ये दुकानं बुडाली, नोकऱ्या गेल्या, त्याचा हिशोब झाला. या अर्ध्या तासाचा हिशोब कोणी मांडला नाही, कारण तो कोणाच्या वहीत कधी नव्हताच.

ज्यांच्या घरून शिखर दिसत नव्हतं त्यांची पंचाईत झाली. मोठी चर्चा झाली, मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर आणि फोनवर. पुजाऱ्यांनी अभिषेकाचा व्हिडिओ काढून पाठवावा असं काही जणींचं म्हणणं. गाभाऱ्याच्या दारावर ‘मोबाइल बंद ठेवा’ अशी पाटी आपणच लावली आहे, असं दुसऱ्यांचं. माझी एक जवळची मैत्रीण या दुसऱ्या बाजूची, आणि सगळ्यांत कडक. तिचं म्हणणं, "मोबाइलवर आपण भाजीवाल्याशी बोलतो, त्याच्यावरच भगवंत बघायचे?" तिने दर्शन होईपर्यंत तूप आणि साखर हे दोन रस सोडले. पाण्याचा नियम होता, त्यासाठी एका ब्रह्मचारिणी दीदींना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं की घरातल्या जिनवाणीसमोर बसून णमोकार म्हणा आणि पाणी घ्या, शरीराला त्रास देऊन नियम पाळणं यात अहिंसा कुठे राहिली? मैत्रिणीने ते ऐकलं, पण तूप-साखर मात्र घेतली नाही.

आणखी एक प्रश्न निघाला, तो माझ्या आवडीचा, कारण त्यात हिशोब होता. आपण रोज दर्शनाला जाताना मूठभर तांदूळ नेतो, वेदीसमोर पुंज मांडतो. सोबत बदाम, लवंगा. वाहिलेलं निर्माल्य आपण खात नाही, ते मंदिराच्या माळ्याचं. आपण तांदळाच्या गावातली माणसं, राइस मिलच्या धुराड्यांखाली वाढलेली. मुठीतले तांदूळ कोण मोजणार? पण मंदिर बंद झालं आणि माळ्याची बायको एप्रिलच्या मध्यावर आमच्या दाराशी आली, तेव्हा कळलं की त्यांच्या घरचा भात या मुठींवर शिजत होता. पगार थोडा, तोही देणगीपेटी बंद झाल्यामुळे कसाबसा. मग ठरलं की प्रत्येक घराने रोजच्या मुठी देवाच्या नावाने वेगळ्या डब्यात काढायच्या, जशा मंदिरात नेल्या असत्या तशाच. आईंच्या पाटावरचे तांदूळही त्यातच. मी कॉमर्स शिकलेली म्हणून यादी माझ्याकडे. आमच्या एका घरातून जूनअखेर साडेचार किलो निघाले. बेचाळीस घरांचे मिळून पावणेदोन क्विंटलच्या वर झाले. माळ्याला पुरून उरले ते आम्ही आजूबाजूच्या कामवाल्या बायकांना दिले. देवाला न वाहिलेले, फक्त वाहायचे म्हणून काढलेले तांदूळ निर्माल्य होतात का, यावरही एकीने प्रश्न काढला होता. त्याला कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही.

त्याच सुमारास देवरीच्या बाजूला, नागपूर-रायपूर महामार्गावरून, छत्तीसगड-झारखंडकडे माणसं पायी जात होती. आपल्या पुरुष मंडळींनी तिथे जेवणाची पाकिटं नेली. आम्ही पुऱ्या आणि मुगाची कोरडी उसळ करून द्यायचो. कांदा-लसूण अर्थातच नाही. एका माणसाने पाकीट उघडून मिरची आहे का विचारलं म्हणे. दुसऱ्या दिवसापासून हिरव्या मिरच्या घातल्या.

आता जरा नावडतं लिहिते. त्या दिवसांत तुमच्याकडेही ते मेसेज आले असतील. जैन धर्म आधीपासूनच वैज्ञानिक, आपण पाणी गाळून उकळून पितो, मुखपट्टी बांधतो, सूतक पाळतो, जग आज जे शिकतंय ते आपल्याला हजारो वर्षांपासून माहीत होतं. मलाही पहिल्या दोन-चार मेसेजांना बरं वाटलं. पण आईंना पाणी गाळताना मी जन्मभर पाहिलं आहे. गाळून झालं की गळणं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओततात आणि ती जीवाणी ज्या विहिरीचं पाणी तिथेच, हळूच, उंचावरून न टाकता परत सोडतात. म्हणजे त्या पाण्यातले जीव आपल्यामुळे मरू नयेत. आपल्याला रोग होऊ नये म्हणून नव्हे. हा सगळा आचार त्यांच्यासाठी आहे, आणि आपण अभिमानाच्या भरात त्याला स्वतःच्या तब्येतीचा उपाय करून टाकला. 5 एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे लावायचे होते, तेव्हा आईंनी अंगणात पणत्या लावू दिल्या नाहीत. "पाखरं पडतीन." आम्ही मोबाइलच्या टॉर्च लावल्या, त्यालाही परवानगी होतीच. दुसऱ्याच दिवशी महावीर जयंती होती. मिरवणूक नाही, पालखी नाही. घरात बसून पूजा केली आणि मला तरी वाटतं, भगवंतांना आदल्या रात्रीची न लावलेली पणती जास्त पोचली असेल.

आणि क्वारंटाइन. हा शब्द नवीन, पण वेगळं ताट, वेगळं अंथरूण, कोणाला हात लावायचा नाही, मंदिराकडे फिरकायचं नाही, हे आमच्या पिढीच्या कोणत्या बाईला शिकवायला हवं होतं? घरातले पुरुष चौदा दिवसांनी वैतागले. आम्ही वयाच्या तेराव्या वर्षापासून महिन्याचे चार दिवस ते केलेलं. एवढं म्हणून हा विषय सोडते. सुनांनी ठरवावं त्यांनी काय पाळायचं.

चौदा दिवसांचीच गोष्ट पुढे आमच्याकडे झाली. मार्चअखेर गोंदियात एक रुग्ण सापडला होता, तो बरा झाला आणि मग बरेच दिवस जिल्ह्यात नवीन कोणी नव्हतं. मे महिन्यात बाहेरगावची माणसं परतायला लागली तशी संख्या परत सुरू झाली. माझा धाकटा मुलगा, सून आणि नात जूनमध्ये ई-पास काढून पुण्याहून आले. त्यांना ठेवायचं कुठे? गच्चीवरच्या खोलीत. म्हणजे जिना बंद. आईंचं दर्शन बंद.

मी रात्रभर विचार करत होते. सकाळी पाहिलं तर आई शेजारच्या फाटकाशी उभ्या. शेजारी जैन नाहीत. त्यांच्याशी आमचं मुंजी-लग्नापुरतं जाणं-येणं. त्यांची गच्ची आमच्यापेक्षा थोडी उंच आहे आणि जिना घराबाहेरून. त्या बाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जिना झाडून ठेवलेला असायचा, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आणि वड्या एका कडेला सरकवलेल्या असायच्या. त्या काळात माणूस माणसाच्या दारात उभं राहायला घाबरत होतं, आणि ज्या घरात पुण्याहून पाहुणे आलेत त्या घरातल्या म्हातारीला त्यांनी चौदा दिवस जिना दिला. आईंनी त्यांच्यासाठी एकदा मुगाचे लाडू पाठवले. बाईंनी ताट रिकामं पाठवलं नाही, त्यात गूळ ठेवला.

लॉकडाउनमधली जी गोष्ट मला खरंच परत हवी आहे ती जेवणाची. माझं लग्न झाल्यापासून घरातले पुरुष सूर्यास्ताच्या आत जेवले ते फक्त पर्युषणात, आणि तेही दुकानातून धावत येऊन. दुकान नऊला बंद होणार, तर साडेपाचला कोण जेवणार? बायका आधी जेवून घेणार आणि रात्री पुन्हा गॅस पेटवणार, हे घरोघरी आहे. एप्रिल-मेमध्ये कापड दुकान बंद. सगळे घरात. पहिल्यांदाच आम्ही सहाही माणसं एका वेळेला, उजेडात जेवलो, सलग दोन महिने. सात वाजता स्वयंपाकघर झाडून-पुसून बंद. संध्याकाळ एवढी लांब असते हे मला साठीत कळलं. पुढे दुकान उघडलं आणि पंधरा दिवसांत गाडी पूर्ववत नऊला. मी विचारलं, दोन महिने जमलं ना? तर म्हणे तेव्हाची गोष्ट वेगळी. वेगळी काही नव्हती. गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच.

ऑगस्टमध्ये दशलक्षण आलं. मुंबईत दादर, भायखळा आणि चेंबूरच्या मंदिरांसाठी श्वेतांबर बांधव सुप्रीम कोर्टात गेले होते. कोर्टाने त्यांच्या पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी, 22 आणि 23 ऑगस्टला, एका वेळी पाच जण या अटीवर ती तीन मंदिरं उघडू दिली. आपलं दशलक्षण 23 तारखेला सुरू. आपल्याला काही नाही. दारूची दुकानं मे महिन्यातच उघडली होती हे आईंना कोणीतरी सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिथं नाही होत का तो रोग?"

पण त्या दहा दिवसांत एक झालं. दरवर्षी दुपारी तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचला जातो. वाचायला बाहेरगावचे पंडितजी, ऐकायला आम्ही. त्या वर्षी पंडितजी येऊ शकत नव्हते. मोबाइलवर मीटिंग लावायची ठरली, तर वाचणार कोण? पुरुषांना दुपारी वेळ नव्हता. मग आम्ही दहा जणींनी दहा अध्याय वाटून घेतले. मूळ सूत्रं, अर्थ आणि जमेल तेवढं विवेचन. माझ्या वाट्याला पाचवा अध्याय आला, अजीव तत्त्वाचा. मी आठ दिवस पुस्तक घेऊन बसले होते. एवढा अभ्यास बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला केला नव्हता. मीटिंगमध्ये कोणाचा मिक्सर चालू, कोणाचा नातू मध्ये येतोय, एकीचा माइक बंद राहिला आणि ती दहा मिनिटं एकटीच वाचत होती. पण चाळीस वर्षं जे कानावरून गेलं ते त्या वर्षी डोळ्यांखालून गेलं. क्षमावाणीला मात्र मोबाइलने निराशा केली. एकच गुलाबाचं चित्र आणि ‘उत्तम क्षमा’, शंभर जणांकडून. ज्यांच्याशी खरंच बिनसलं होतं त्यांच्याकडूनही तेच चित्र. समोर उभं राहून हात जोडताना जे होतं ते चित्र पुढे ढकलून होत नाही.

मंदिर उघडलं 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. निर्वाण लाडू आम्ही आदल्या दिवशी, 15 तारखेला पहाटे, घरीच चढवला होता. एका दिवसाने हुकलं. आईंना घेऊन आम्ही गेलो तर फाटकावर आमच्याच नात्यातला मुलगा कार्यकर्ता म्हणून उभा. नियमात लिहिलेलं, 65 वर्षांवरच्यांनी आणि दहा वर्षांखालच्यांनी घरीच राहावं. तो बिचारा खाली मान घालून उभा. आई त्याला म्हणाल्या, "तू दार पूर्ण उघड, मी रस्त्यावर उभी राह्यते." फाटक, सभामंडप आणि गाभारा एका रेषेत आहेत. रस्त्यावरून त्यांनी आठ महिन्यांनी भगवंतांचं दर्शन घेतलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. त्या म्हणाल्या, "छत्र वाकडं बसवलं हाय. सांग पुजाऱ्याले."

सॅनिटायझरवरून थोडी कुरबुर झाली, त्यात अल्कोहोल असतं म्हणून. मग फाटकाशी साबण आणि नळ. गंधोदकाच्या वाटीत सगळ्यांची बोटं बुडायची, ते बंद झालं, पळी आली. ती अजून आहे आणि ती राहावी.

आता ते लिहायचं आहे जे लिहायला मी टाळत होते. 2021 चा एप्रिल. ज्या घरात कोणी गेलं नाही असं घर तेव्हा शोधावं लागत होतं. मंदिरं पुन्हा बंद. माझी ती कडक मैत्रीण दवाखान्यात भरती झाली. रात्रीचं जेवण आठ वाजता यायचं, ते ती परत करायची. मग घरून चारला डबा जायला लागला, वॉर्डबॉय आत नेऊन द्यायचा. ऑक्सिजन लागला होता, बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या सुनेला मेसेज आला. एकच ओळ. ‘अभिषेकाचा व्हिडिओ पाठव.’

सुनेने मला फोन केला, मी पुजाऱ्यांना. त्यांनी पाटीकडे पाहिलंही नसेल. पावणेसहाला व्हिडिओ आला, सहाला तिच्याकडे पोचला. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. असे नऊ दिवस. शेवटचे दोन दिवस तिच्याने मोबाइल धरवत नव्हता, तेव्हा तिथली एक सिस्टर रात्रपाळी संपवून जाताना तिच्यासमोर मोबाइल धरून उभी राहायची, आणि मग णमोकार लावून उशाशी ठेवायची. सिस्टर जैन नव्हती. तिला णमोकार म्हणजे काय ते सुनेने फोनवर सांगितलं होतं. शेवटच्या क्षणी कानावर णमोकार पडावा म्हणून आपण आयुष्यभर धडपडतो. पडला की नाही हे कोणी सांगू शकत नाही. सिस्टर म्हणाली, मोबाइल चालू होता. चार माणसांनी स्मशानात लांबून हात जोडले. आम्ही तिला पाहिलं नाही.

त्यानंतर मोबाइलवरचं दर्शन चालतं की नाही, ही चर्चा आमच्या मंडळात कोणी केली नाही.

7 ऑक्टोबर 2021 पासून मंदिर उघडं आहे. बोल्या परत सुरू झाल्या, माइक पूर्वीपेक्षा मोठा आहे. लग्नं पन्नास माणसांत होऊ शकतात हे सगळ्यांनी पाहिलं आणि आता पुन्हा आठशे पानं उठतात. पण सकाळच्या दर्शनाला पूर्वी तीस-पस्तीस बायका असायच्या, आता बारा-पंधरा. काही गेल्या. काहींची सवय मोडली ती मोडली. काहींच्या घरी मुलं घरूनच ऑफिसचं काम करतात, सकाळपासून चहा-नाश्ता सुरू. तत्त्वार्थसूत्राला पंडितजी परत आले. आम्ही समितीकडे मागणी केली की दहातले पाच अध्याय आम्ही वाचणार. दोन वर्षं ‘बघू’ झालं. तिसऱ्या वर्षी तीन मिळाले.

आई आता नव्वदीच्या पुढे आहेत. गुडघ्यांनी बावीस पायऱ्या नाही म्हटलं. फेब्रुवारी 2024 मध्ये डोंगरगडला, चंद्रगिरीवर, आचार्य विद्यासागर महाराजांची समाधी झाली तेव्हा आमच्या घरातले सगळे मिळेल त्या गाडीने गेले. सत्तरेक किलोमीटर, पण त्यांना नेणं शक्य नव्हतं. मी घरी थांबले. त्यांनी स्वतःच सांगितलं, "लाव तो मोबाइल." दिवसभर समोर बसून होत्या. दुपारी एकदाच म्हणाल्या की आवाज वाढव.

पुजाऱ्यांचा अभिषेकाचा व्हिडिओ अजून रोज सकाळी सहाच्या आत येतो. तो फक्त ज्यांना मंदिरात येणं अशक्य आहे त्यांच्यासाठी आहे, आणि तो पुढे पाठवायचा नाही, त्याला फुलं-हात जोडलेली चित्रं टाकून उत्तर द्यायचं नाही, एवढं मंडळाने ठरवलं आहे. सध्या यादीत अकरा जणी आहेत, त्यातली एक छत्तीस वर्षांची, कमरेचं ऑपरेशन झालेली. तुमच्या ओळखीत गोंदिया, आमगाव, तिरोड्याकडे अशी कोणी असेल तर मंदिरात माझ्या नावाने निरोप ठेवा. तांदळाचा डबाही चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी माळ्याकडे जातो.